तिसऱ्या पिढीचं इंजिन

आमच्या आईनं एखाद्या वस्तूला "गेलं" म्हटलं की ती वस्तू गेलेली असते. त्यावर अपील नाही. मिक्सर गेला, नळाची चकती गेली, वरच्या मजल्यावरच्या जावयाची नोकरी गेली, हे सगळं आईनं जगाच्या आधी सांगितलेलं आहे आणि नुसत्या आवाजावरून सांगितलेलं आहे. जावयाच्या बाबतीत ती एवढंच म्हणाली होती, "जिना उतरताना पाय कसे पडतायत ऐक. हा माणूस कामावर चाललेला नाही." पुढच्या महिन्यात खरं निघालं.

हे कान तिला नोकरीनं दिले. आई वजनमापं खात्यात निरीक्षक होती. एकतीस वर्षं ती दुकानादुकानांत जाऊन तराजू, वजनं आणि मापं तपासत हिंडली. दुकानदारानं वजन काउंटरवर ठेवलं की ठेवल्याच्या आवाजावरून ते आतून पोखरलंय की भरीव आहे हे ती सांगायची. काटा वगैरे लावायची तो नंतर, कागदोपत्री असावं म्हणून. या हिंडण्यासाठी तिनं स्वतःच्या पगारातून एक छोटी गाडी घेतली होती. मी तेव्हा पाचवीत होतो. आता माझे कल्ले पांढरे झालेत, पण गाडी तीच होती आणि चालवणारीही तीच होती. मला तिनं शेजारी बसायचा परवाना दिला होता, त्याच्या पुढे माझी बढती झाली नाही.

माझ्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. मी एका विमा कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो. "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, यथावकाश कळवू" हे वाक्य तुम्हाला कधी आलं असेल तर ते माझं असण्याची दाट शक्यता आहे. यंत्रांशी माझा संबंध स्टेपलरपर्यंत. तरीही मी एका गाडीचं इंजिन बदलायला घेतलं, आणि त्यात माझी जी काही अब्रू होती ती धुळीला मिळाली, ती ही हकीकत.

गेल्या वर्षीच्या एका रविवारी आई मावशीकडून परतली, गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "इंजिन गेलं. त्याचा आवाजच येत नाही पूर्वीसारखा. विकून टाक." संपलं. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. दर रविवारी मावशीकडे जायचं हा तिचा चाळीस वर्षांचा नेम, तोही मोडला. मी म्हटलं, रिक्षानं जाऊ, तर नको. मी म्हटलं, मी चालवतो, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. मावशी मला फोन करून विचारायची, "अरे, तुझ्या आईला झालंय काय? मी फोनवर अर्धा तास बोलते आणि ती नुसतं 'बरं, बरं' करते. परवा मी म्हटलं, गुडघ्यानं जीव नकोसा झालाय, तर म्हणाली, 'अरे वा!'"

जेवणाच्या टेबलावरही तीच गत. मी ऑफिसमधल्या गमती रंगवून सांगायचो आणि ती ताटात बघत जेवायची. पूर्वी माझ्या प्रत्येक वाक्यात ती दोन चुका काढत असे. माणसाला आपल्या चुका काढणारं कुणी उरलं नाही की फार ओकंओकं वाटतं. बायको म्हणाली, "अहो, त्यांना गाडीचं लागलंय मनाला." मलाही तेच वाटत होतं. आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस सहा आठवड्यांवर आला होता. मी मनाशी ठरवलं, तोवर गाडी दुरुस्त करून तिच्यासमोर उभी करायची. तिला सांगितलं, गाडीला गिऱ्हाईक बघतोय. ती म्हणाली, "बरं."

गाडी ओढून मेस्त्रींकडे नेली. मेस्त्रींचं गॅरेज आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे आणि आईची गाडी तिच्या जन्मापासून त्यांच्याच हातात आहे. त्यांनी चारही सिलिंडरांना एकेक करून आतला दाब मोजायचं गेज लावलं, आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "साहेब, गेज म्हणतंय इंजिन ठणठणीत आहे."

"पण आई म्हणाली गेलं. आवाज येत नाही म्हणाली."

मेस्त्री गंभीर झाले. त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा ते या गाडीचं काम करून ती बाहेर आणत होते आणि आई रस्त्याच्या पलीकडे उभी होती. रस्त्यावर ट्रक, बस, बँडची तालीम, सगळं चालू. आई पलीकडूनच ओरडली, "मेस्त्री, एक नट राहिलाय!" आणि खरंच राहिला होता, मेस्त्रींच्या खिशात. "तेव्हापासून साहेब, मॅडम एकीकडे आणि यंत्रं एकीकडे." असं म्हणून त्यांनी गेज उलटसुलट करून पाहिलं, फडक्यानं पुसलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "गेजच गेलं असेल," ते म्हणाले.

ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज ऐकला तेव्हाच मी गाडी घेऊन घरी परतायला हवं होतं. पण मीही त्याच आईचा मुलगा. तिनं गेलं म्हटलेलं इंजिन चालू आहे असं म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं.

मग मेस्त्रींनी मला त्या इंजिनाचं घराणं समजावून सांगितलं. कंपनीनं म्हणे चाळीस वर्षं एकच इंजिन बनवलं, फक्त दर दहा-बारा वर्षांनी त्याची नवी पिढी काढली. "पहिली पिढी म्हणजे तुमचं. सगळं ओतीव लोखंड. पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये कालवायची आणि द्यायचं आत ढकलून. आमच्या आजोबांसारखं. समोर येईल ते खायचे आणि बोलले की तीन घरं ऐकायची. दुसरी पिढी माझ्या वडिलांसारखी. इंजेक्शन आलं, पेट्रोल मोजून मिळायला लागलं. तिसरी पिढी म्हणजे मी."

"तुम्ही?"

"ॲल्युमिनियम. वजन निम्मं, पट्ट्याऐवजी आत साखळी, आवाज नाही आणि प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरला विचारून करायची." मेस्त्रींनी एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. "चौथी पिढी म्हणजे आमची पोरं. चारातला एक सिलिंडरच कमी करून टाकला. काम तेवढंच करतात, पण सारखं वाटतं की काहीतरी कमी आहे. तरी एक सांगतो साहेब. चार पिढ्या झाल्या, पण इंजिन गिअरबॉक्सला जोडायची भोकं आहेत तिथंच आहेत. एका मिलिमीटरनं हलली नाहीत. घराणं म्हणतात ते याला."

हे ऐकून मी भारावलो. पहिल्या पिढीचं इंजिन आता मिळत नव्हतं. मेस्त्रींचं म्हणणं, दुसऱ्या पिढीचं बघू, थोडक्यात भागेल. मीही तयार होतो. पण त्या संध्याकाळी जिन्यात मला सर्वज्ञ भेटले.

सर्वज्ञ आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. हे नाव बायकोनं ठेवलेलं आहे आणि ते त्यांना माहीत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत नाही. आमच्या घरातल्या भिंतीच्या रंगापासून माझ्या रक्तदाबापर्यंत सर्व निर्णयांत त्यांचा वाटा आहे. त्यांच्याकडे गाडी नाही. "दुसरी पिढी?" ते कळवळून म्हणाले. "आईसाठी करताय ना? मग आईसाठी उतरलेला माल? आणि आवाजाचं काय? या वयात त्यांना शांतता हवी. तिसरी घ्या. गाडी चालू आहे की बंद हेसुद्धा कळत नाही." आईसाठी हा शब्द असा मधे आणून ठेवल्यावर कोणता मुलगा दुसऱ्या पिढीवर थांबेल? दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना रुबाबात सांगितलं, "तिसरं टाका."

मेस्त्रींनी एका अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं तिसऱ्या पिढीचं इंजिन मिळवलं. ते गिअरबॉक्सला बिनतक्रार बसलं. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. हा या प्रकल्पातला शेवटचा सुरळीत दिवस.

कारण त्या इंजिनाला पेट्रोल जोरात लागायचं आणि आमचा जुना पंप ते प्रेमानं द्यायचा. म्हणून टाकीत नवा पंप. तो पंप जुन्या टाकीत मावेना, म्हणून टाकी. पंपाला हुकूम द्यायला कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला बातम्या पुरवायला तारांचं एक जंजाळ, जे मेस्त्रींनी माझ्या हातात दिलं आणि मी अडीच तास नुसतं धरून उभा राहिलो. जोडून झाल्यावर कॉम्प्युटरनं हुकूम दिला नाही. त्याला म्हणे त्याची मूळ किल्ली हवी होती. किल्लीच्या मुठीत एक चकती असते, ती ओळखीची दिसल्याशिवाय तो इंजिन सुरूच करू देत नाही. म्हणून त्या चेपलेल्या गाडीचा मालक शोधणं आलं. तो भला माणूस गाडीच्या आठवणीनं इतका हळवा झाला की किल्ली देण्याआधी त्यानं मला अपघात पहिल्यापासून सांगितला, दोनदा, आणि दुसऱ्यांदा सोफ्यावरच्या उशा मांडून.

किल्ली आली तर बोनेट बसेना. नवं इंजिन दोन बोटं उंच होतं. मेस्त्रींनी बोनेटला वरून एक टेंगूळ काढलं. मग लक्षात आलं की लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आल्यामुळे गाडीचं पुढचं वजन घटलंय आणि तिनं नाक वर केलंय. कपाळावर टेंगूळ आणि नाक वर, अशी ती गॅरेजमध्ये उभी होती. बायको बघायला आली होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "कुणासारखी दिसतेय ते मी सांगत नाही." मी तिकडे दुर्लक्ष केलं. जुनं इंजिन मात्र मेस्त्रींनी कुणाला दिलं नाही. कोपऱ्यात पाटावर ठेवून त्यावर स्वच्छ चादर घातली. "मॅडमचं आहे," एवढंच म्हणाले.

आता फक्त कागद उरला होता. गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनाचा नंबर असतो, इंजिन बदललं की तो बदलून घ्यावा लागतो. मी मनात म्हटलं, इथं मी घरचा आहे. कागद म्हणजे माझा प्रांत.

वाहन कार्यालयाच्या चौथ्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला आणि सांगितलं की नंबरचा पेन्सिलीनं ठसा काढून आणा. इंजिनावर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. सोपं. पहिल्या पिढीत हा नंबर वरच, बोनेट उघडलं की समोर असायचा. तिसऱ्या पिढीत तो इंजिनाच्या पाठीमागे, खाली, अशा ठिकाणी नेला होता की तो कोरणाऱ्यालाही पुन्हा दिसला नसावा. मी गाडीखाली पाठीवर झोपलो, उजवा हात खांद्यापर्यंत वर घातला आणि आंधळ्यासारखा घासायला लागलो. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर इंजिनाच्या वंगणानं स्वतःच सही केली. तिसऱ्यावर ठसा आला, पण हात निघेना. मेस्त्रींनी माझे पाय धरून ओढलं. शर्टाची एक बाही अजून तिथंच आहे.

"हे काय?" चौथ्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्मकडे पाहत विचारलं. 'इंजिन बदलण्याचे कारण' या रकान्यात मी सवयीनं दीड पान लिहिलं होतं, तीन परिच्छेद पाडून.

"कारण," मी म्हणालो.

"एका ओळीत लिहा."

मी सगळं खोडून लिहिलं, 'मूळ इंजिन गेले.'

"चोरीला गेलं असेल तर फॉर्म वेगळा आहे. पोलिसांचा दाखला लागेल."

"चोरीला नाही हो. गेलं म्हणजे बाद झालं."

"मग बाद झाल्याचा दाखला लागेल. कुणी ठरवलं बाद झालं म्हणून?"

"आमच्या आईनं."

बाईंनी चष्मा काढला. माझ्या मागे रांग होती आणि रांगेला हे ऐकू गेलं होतं. मेस्त्रींच्या लेटरहेडवर दाखला आणायला मी पुन्हा गेलो, त्यांच्याकडे लेटरहेड नव्हतं म्हणून छापखान्यात गेलो, आणि चौथ्या दिवशी अर्ज दाखल केला. बाईंनी त्यावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "आपल्या अर्जाची नोंद घेतली आहे. यथावकाश कळवू."

गेली एकवीस वर्षं हे वाक्य मी दिवसातून अकरा वेळा लिहितो. ते अंगावर घेतल्यावर कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी एका बाईंना चक्क उत्तर लिहिलं. साहेबांनी बोलावून तब्येत विचारली.

पत्र आलं ते वाढदिवसाच्या पाच दिवस आधी. गाडी तपासणीच्या मैदानात आणावी, आणि नोंदणीकृत मालकानं समक्ष हजर राहून ती चालवून दाखवावी. नोंदणीकृत मालक आई होती. म्हणजे गुपित संपलं. रात्री जेवताना मी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. पिढ्या सांगितल्या, पंप सांगितला, किल्ली सांगितली, शर्टाची बाहीसुद्धा सांगितली. मला वाटलं होतं, ती रागावेल, निदान खोटं बोललास म्हणेल. किंवा डोळ्यांत पाणी येईल. आईनं ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "बरं. कधी जायचंय?" सहा आठवडे राबून शेवटी एक 'बरं'! मी हात धुवायला उठलो तो बराच वेळ हातच धूत राहिलो.

मैदानावर मेस्त्री गाडी घेऊन आधीच आले होते. सर्वज्ञही आले होते, कारण आपल्याशिवाय तिथं घोटाळा होईल अशी त्यांची खात्री होती. रिक्षातून उतरल्यावर आईनं गाडी पाहिली आणि ती जागीच थांबली.

"ही विकली नाहीस?"

"आई, काल एवढं सांगितलं ना तुला!"

गाडीभोवती तिनं एक चक्कर मारली, बोनेटच्या टेंगळावर बोट ठेवलं, मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री बूट बघायला लागले. तेवढ्यात तपासणी अधिकारी आले. तरुण, अदबशीर, हातात फळी आणि फळीवर कागद. "आजी, बसा. सुरू करा आणि एक फेरी मारून आणा."

आई बसली. आरसा नीट केला, सीट पुढे ओढली. आठ महिन्यांनी तिला त्या जागेवर बघून मला इतका आनंद झाला की नाक वर केलेली गाडीसुद्धा मला देखणी दिसायला लागली. तिनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सर्वज्ञांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, कारण खरोखरच गाडी चालू आहे की बंद हे कळत नव्हतं.

आईनं पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर पुन्हा स्टार्टर मारला की दात दातावर खरवडल्यासारखा एक भयंकर आवाज निघतो, तो निघाला. मेस्त्रींनी कानांवर हात ठेवले. आईनं तिसऱ्यांदा फिरवली.

"हेही गेलंय," तिनं खिडकीतून सांगितलं. "सुरूच होत नाही."

"आजी," अधिकारी म्हणाले, "चालू आहे की इंजिन."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

अधिकारी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. आणि चांगलं खणखणीत बोलले होते.

आईनं आमचे सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग हळूच गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. तिथं इंजिनाची बारीक थरथर लागत असणार, कारण तिनं चटका बसावा तसा हात उचलला. मला एका क्षणात मावशीचा गुडघा आठवला, सगळी 'बरं, बरं' आठवली, आणि मी काल किती वेळ हात धूत बसलो होतो तेही आठवलं. इतकी शरम मला शर्टाची बाही गेली तेव्हाही वाटली नव्हती. "गेज बरोबर होतं," मेस्त्री पुटपुटले. "इंजिनाला काही झालंच नव्हतं."

अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. या मॉडेलला या ताकदीचं इंजिन मंजूर नाही, मूळ इंजिन उपलब्ध असेल तर तेच बसवून आणा, असा त्याचा अर्थ होता. सर्वज्ञ वाद घालायला पुढे झाले, पण मी त्यांचा हात धरला. अधिकारी खिडकीशी वाकून, आईला तोंड दिसेल असं, सावकाश म्हणाले, "आजी, घाई नाही. एक महिना आहे."

परतताना गाडी मी चालवली. आईनं मला चालवू दिली यावरूनच काय ते समजा. अर्ध्या वाटेवर तिनं आपणहून सांगितलं. त्या रविवारी मागून एक ट्रक हॉर्न देत होता. बराच वेळ देत असणार. तिला ऐकू आला नाही. शेवटी तो इतका जवळून गेला की तिच्या बाजूचा आरसा मुडपला. "पाय थरथरत होते," ती म्हणाली. "घरी येऊन काय सांगायचं? इंजिनावर आळ घातला. ते बिचारं बोलणार थोडंच. एकतीस वर्षं लोकांची मापं तपासली मी. माझंच खोटं निघालं, हे कुणाला सांगू?"

मी गाडी कडेला घेतली. तिच्याकडे तोंड करून, अधिकाऱ्यांसारखं सावकाश म्हणालो, "दुकानदाराचा काटा चुकला तर तू काय करायचीस?"

"दुरुस्त करून शिक्का मारून घे म्हणायचे."

"काटा फेकून दे म्हणायचीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती पर्स घेऊन दारात उभी होती.

कान तपासणाऱ्यांकडे तासभर गेला. त्यातला अर्धा तास आईनं त्यांचं यंत्र तपासलं. आवाज मोजायचं यंत्र म्हटल्यावर त्याची स्वतःची तपासणी कधी झाली होती, दाखला कुठं आहे, मुदत काय? दाखला ड्रॉवरच्या तळाशी सापडला आणि त्याची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती. त्या गृहस्थांना घाम फुटला. आईनं त्यांना आठ दिवस दिले, आठव्या दिवशी यंत्र नव्या दाखल्यासकट हजर झालं, आणि मगच तिनं कान पुढे केला. कित्येक दिवसांनी मी तिला इतकी खुशीत पाहत होतो. पंचाहत्तरावा वाढदिवस मधल्या मधे येऊन गेला. तो तिनं इंजिनाच्या पिढ्यांविषयी मला प्रश्न विचारण्यात घालवला, आणि मी कागदावर लिहून दिलेल्या उत्तरांत सात चुका काढल्या.

मेस्त्रींनी तोवर जुनं इंजिन जागेवर बसवलं होतं. जुना पंप, जुनी टाकी, सगळं माघारी. नाक खाली आलं, टेंगूळ राहिलं. आईनं दोन्ही कानांत नवी श्रवणयंत्रं घालून किल्ली फिरवली आणि त्या लोखंडी म्हाताऱ्यानं असा गळा काढला की शेजारच्या दुकानातले दोघे बाहेर आले. आई डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून मेस्त्रींनी फडकं तोंडाला लावलं.

"मेस्त्री," ती डोळे न उघडता म्हणाली, "डाव्या बाजूला काहीतरी हलतंय."

मेस्त्री वाकले. एक क्लिप बसवायची राहिली होती. "मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांनी कान पकडले.

त्या रविवारी आम्ही मावशीकडे निघालो. आई चालवत होती, मी माझ्या नेमून दिलेल्या जागेवर. सवयीनं माझी टकळी चालू झाली. ऑफिसात ज्या बाईंना मी खरं उत्तर लिहिलं होतं त्यांचं आभाराचं पत्र आलं होतं आणि आता अशा पत्रांचं काय करायचं याची आमच्याकडे पद्धतच नसल्यानं ते तीन टेबलांवरून फिरत होतं, असं काहीतरी मी सांगत होतो. चौकात गाडी थांबल्यावर मला जाणवलं की आई रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघतेय.

"तू बोलतोस की अजून," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, तू माझ्याशी बोलणं सोडलंस. ऑफिसातून यायचास, जेवताना तोंड हलायचं, पण काही येत नव्हतं. म्हटलं, असेल, मोठा झालाय. म्हातारीशी काय बोलायचं माणसानं."

इतके महिने मी समजत होतो की ती माझं ऐकत नाही. इतके महिने ती समजत होती की मी तिच्याशी बोलत नाही. एका टेबलाला दोन बाजूंनी बसून आम्ही हे समजत होतो. मी बाहेर बघायला लागलो.

"गप्प का झालास?" ती म्हणाली. "मग त्या पत्राचं काय झालं? आणि तीन टेबलं म्हणजे कुठली तीन? नीट सांग. तुझ्या सांगण्यात नेहमी एक टेबल जास्त असतं."

मी नीट सांगायला लागलो. पुढचा चौक गेला, पूल गेला, मावशीची गल्ली आली. मावशी दारातच उभी होती आणि गुडघा विसरून हात हलवत होती. आईनं गाडी कडेला लावली, पण इंजिन बंद केलं नाही. तिनं मावशीला हातानंच थांब म्हणून खूण केली.

"आधी हे पूर्ण कर," ती मला म्हणाली.